याचिका समिती ही सरकारी येणे वसूल करण्याची खिडकी नव्हे

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा : सरकारकडे पैसे अडकले असतील तर वकिलाकडे जाऊ नका; अमेरिकेत संसद एकेका नागरिकासाठी कायदा करून पैसे देते आणि आपल्याकडे तेच काम विधानसभेची याचिका समिती करते; समितीचे म्हणणे खात्यावर बंधनकारक असते; आमदारांच्या सहीने याचिका गेली की दाव्याची मुदत थांबते; आणि न्यायालयात जिंकलात तरी विधानसभेच्या मंजुरीवाचून तिजोरीतून पैसा निघत नाही. यातले अमेरिकेविषयीचे विधान अर्धे खरे आहे. बाकीची चुकीची आहेत, आणि मुदतीविषयीचे तर माणसाला बुडवणारे आहे.

अमेरिकेत एका व्यक्तीच्या नावाने कायदा होऊ शकतो, हे खरे. एके काळी सरकारकडून येणे वसूल करण्याचा तोच मुख्य रस्ता होता, आणि अशा अर्जांच्या ढिगाखाली तिथली काँग्रेस इतकी दबून गेली की 1855 मध्ये तिने त्यासाठी स्वतंत्र दावा-न्यायालय स्थापन केले. ते न्यायालय आरंभी केवळ अहवाल देई. निर्णय काँग्रेसच्याच हाती राही. सरकारनेही स्वतःविरुद्ध नागरिकाला तत्पर न्याय दिला पाहिजे, असे लिंकन यांनी 1861 च्या संदेशात काँग्रेसला सांगितले, आणि 1863 मध्ये त्या न्यायालयाला निकाल देण्याचा अधिकार मिळाला. सरकारी नोकरांच्या निष्काळजीपणामुळे होणाऱ्या हानीचे दावे 1946 च्या कायद्याने न्यायालयांकडे सोपवले गेले आणि तशा दाव्यांसाठी व्यक्तिगत विधेयके घेणे काँग्रेसने स्वतःच बंद केले. आता असे कायदे बोटांवर मोजण्याइतकेच होतात. ज्या देशाचा दाखला संदेशात दिला आहे, तो देश हा रस्ता केव्हाच मागे टाकून आला आहे.

आपल्याकडे तर तो रस्ताच नाही. संविधानाच्या अनुच्छेद 300 नुसार राज्य सरकारवर राज्याच्या नावाने दावा लावता येतो, आणि तो न्यायालयात लावायचा असतो. मंत्री नसलेले सदस्य जे गैरसरकारी विधेयक मांडतात ते निराळे. संसदेत 1952 पासून अशी 14 विधेयके मंजूर झाली, शेवटचे 1970 मध्ये. कुणा एकाचे थकलेले बिल चुकते करण्यासाठी त्यांतले एकही नव्हते. भोपाळच्या वायुपीडितांचे उदाहरण काही जण पुढे करतात. पण त्यांच्यासाठी झालेल्या 1985 च्या कायद्याने केंद्र सरकारला पीडितांच्या वतीने दावे चालवण्याचा अधिकार दिला, आणि 47 कोटी डॉलरची रक्कम 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोरच्या तडजोडीतून, युनियन कार्बाइडकडून आली.

याचिका समिती निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. वस्तीचा रस्ता, नाल्यावरची पुलिया, शाळेची इमारत अशा कामांसाठी आमदार याचिका देतात आणि पुष्कळदा खाते हलते. मात्र समिती शिफारस करते, न्यायालयासारखा बंधनकारक हुकूमनामा देत नाही. लोकसभेचा नियम 160 तर स्पष्ट सांगतो की जे प्रकरण न्यायालयाच्या कक्षेत येते किंवा ज्यावर कायद्याने अन्य उपाय उपलब्ध आहे, त्यावर याचिका चालत नाही.

आता मुदतीचे. आमच्या ओळखीचे एक छापखानेवाले काका रामबागेतून एक फाइल घेऊन माझ्याकडे आले. एका सरकारी कार्यालयाचे फॉर्म आणि रजिस्टरे छापल्याची तीन बिले अडकली होती. फाइल इतकी व्यवस्थित, की पाहून वाईट वाटावे : प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक शाखेचा जांभळा शिक्का, आमदारांच्या पत्राला टाचलेली पोच, आणि खात्याची चार उत्तरे, चारही एकाच साच्यातली, ‘प्रकरण विचाराधीन है’. काकांचा समज असा की जोवर प्रकरण विचाराधीन आहे तोवर घड्याळ थांबलेले आहे. पण केलेल्या कामाच्या पैशासाठी दावा तीन वर्षांत लावावा लागतो. ती मुदत संपण्यापूर्वी खात्याने देणे लेखी व सहीनिशी कबूल केले, तर तिथून नवी मुदत मिळते. ‘विचाराधीन’ या शब्दात कबुली कुठे आहे? चुकीच्या न्यायालयात सद्हेतूने गेलेला वेळ कायदा वजा करतो, विधानसभेत गेलेला नाही. कायद्यात तरतूद नसलेल्या अर्ज-विनंत्यांनी मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी 1989 मध्ये सांगितले, आणि तेही मध्य प्रदेश शासनाविरुद्धच्याच एस. एस. राठोर प्रकरणात. सरकारला स्वतःच्या दाव्यासाठी मात्र 30 वर्षे मिळतात; हे अन्यायाचे वाटले तरी कायदा आज असा आहे.

शेवटचे विधान तर नेमके उलटे आहे. अनुच्छेद 202 नुसार न्यायालयाचा निकाल, हुकूमनामा किंवा लवादाचा निवाडा यांपोटी द्यायची रक्कम हा राज्याच्या संचित निधीवरचा, म्हणजे तिजोरीवरचा, भारित खर्च असतो, आणि अनुच्छेद 203 प्रमाणे अशा खर्चावर विधानसभेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. हुकूमनामा हाती आला की पैसे द्यायला बाबू दिरंगाई करतील, अपील होईल, वसुलीचा अर्ज लावावा लागेल. पण ती रक्कम द्यावी की नाही, यावर सभागृह मत देत नाही.

दाव्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची नोटीस द्यावी लागते आणि दोन महिने थांबावे लागते. हे दोन महिने मुदतीत मोजले जात नाहीत. राज्य सरकारसाठीची नोटीस सचिवांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे देता येते. तातडी असेल तर न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीवाचूनही दावा लावता येतो. काकांची पहिली दोन बिले मुदतीबाहेर गेली आहेत. तिसऱ्याला सात आठवडे उरले होते. त्याची नोटीस गेल्या सोमवारी कलेक्टर कचेरीत हातोहात दिली आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. शिक्का पुन्हा जांभळाच होता, पण या वेळी काकांनी त्यावरची तारीख दोनदा वाचून पाहिली.