हवेच्या काट्यावर आठ बार आहे म्हणून ब्रेक चांगला, असं होत नाही

ट्रकचालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सल्ला फिरतोय: आठ बार हवा असली की घाट बिनधास्त उतरा, ब्रेक कमी वाटला तर ब्रेकचं अंतर आपोआप जुळवणाऱ्या ऑटो स्लॅकचा नट पाव आटा आवळा, उतारावर न्यूट्रल मारून डिझेल वाचवा. तिन्ही गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत.

काटा टाकीतली हवा दाखवतो. चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमधून हवेच्या दाबाने पुशरॉड किती बाहेर येतो, ते त्याला कळत नाही. हाच रॉड स्लॅकमार्फत लायनर चाकाच्या ड्रमवर दाबतो. लायनर झिजले आणि ड्रमपासून वाढलेलं अंतर स्लॅकने भरून काढलं नाही, की रॉडला लांब जावं लागतं. टाइप ३० मापाच्या साध्या चेंबरला ५१ मिलिमीटर ही मर्यादा. त्यापुढे जोर झपाट्याने घटतो आणि ६४ च्या आसपास रॉडची आतली प्लेट चेंबरच्या टोकाला टेकते. मग टाकी भरलेली असूनही लायनर ड्रमवर दाबला जात नाही. यार्डात ड्रम थंड असतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. घाटात ड्रम तापून फुगतो आणि तेच अंतर आणखी वाढतं.

तपासायला खडू, पट्टी आणि एक साथीदार पुरतो. सपाट जागी चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक सोडा, हवा ६.२ ते ६.९ बारवर आणून इंजिन बंद करा. चेंबरच्या तोंडाशी रॉडवर खडूची रेघ मारा. साथीदाराने पेडल पूर्ण दाबून धरलं की रेघ किती पुढे आली ते मोजा. प्रत्येक चाक वेगळं मोजायचं. चेंबर लाँग स्ट्रोकचा, म्हणजे रॉड जास्त लांब जाणारा असेल तर मर्यादा वेगळी, म्हणून आधी त्यावरचा शिक्का वाचा.

हाताने सेट करायच्या स्लॅकमध्ये लायनर ड्रमला टेकेपर्यंत आवळून पाव ते अर्धा आटा सोडतात. ऑटो स्लॅक हे काम स्वतः करतो. तरी माप जास्त येत असेल, तर लायनर फाकवणाऱ्या कॅमशाफ्टचं बुश, रॉड आणि स्लॅक जोडणारी क्लेव्हिस पिन नाहीतर स्लॅकच गेलेला आहे. नट आवळून त्या दिवसापुरतं माप बसतं, दोष आत तसाच राहतो.

राहिलं डिझेल. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर डिझेल तुटतं. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला ते लागतंच. शिवाय इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणाऱ्या एक्झॉस्ट ब्रेकचा उपयोग संपतो, टाकीत हवा भरणारा कॉम्प्रेसर मंदावतो आणि सगळा भार लायनरवर येतो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना खालचा गिअर उतार लागण्याआधीच टाका. भरलेल्या गाडीने वेग घेतल्यावर तो पडेलच याची खात्री नसते.