‘फॉलोइंग’ला ‘त्या मानाने’ची सवलत नको

दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनच्या ‘फॉलोइंग’ या चित्रपटाचा विषय निघाला की चित्रपटांची चांगली जाण असलेली मंडळीसुद्धा शेवटी एक वाक्य हमखास जोडतात, “एवढ्याशा पैशांत केला आहे, त्या मानाने उत्तमच.” यातले ‘त्या मानाने’ मला मनापासून खटकते. १९९८ साली आलेला हा जेमतेम ७० मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट सुमारे ६,००० डॉलरमध्ये उभा राहिला हे खरेच आहे. पण परवा रात्री तो चौथ्यांदा पाहताना मला पुन्हा जाणवले की यात पैशांची चणचण कुठे झाकून ठेवलेली नाही, तिच्यातूनच या चित्रपटाची घडण झाली आहे.

लंडनमधला एक बेकार तरुण लेखक लिखाणाला विषय मिळावा म्हणून रस्त्यावरच्या अनोळखी माणसांच्या मागे मागे जाऊ लागतो. त्याने स्वतःला काही नियम घालून घेतलेले आहेत, त्यातला महत्त्वाचा असा की एकाच माणसाचा दुसऱ्यांदा पाठलाग करायचा नाही. हा नियम तो मोडतो आणि कॉब नावाच्या सुटाबुटातल्या, गोड बोलणाऱ्या घरफोड्याच्या हाती लागतो. पुढची कथा मी सांगणार नाही, कारण नेमका कोण कोणाच्या मागे आहे हा प्रश्न शेवटपर्यंत उघडा राहण्यातच या गुन्हेकथेचा सगळा जीव आहे.

चित्रपटातली बहुतेक सगळी मंडळी आठवडाभर नोकरी करणारी होती, त्यामुळे चित्रीकरण फक्त शनिवारी, असे जवळपास वर्षभर चालले. सर्वांत मोठा खर्च १६ मिमी फिल्मचा आणि ती धुऊन घेण्याचा होता, म्हणून एका शनिवारी दहा-पंधरा मिनिटे चालेल एवढीच फिल्म वापरायची, असा हिशोब होता. साहजिकच प्रत्येक प्रसंगाच्या नाटकासारख्या तालमी झाल्या आणि कॅमेऱ्यासमोर एक किंवा फार तर दोन टेक, म्हणजे त्याच प्रसंगाची चित्रीकरणे, घेतली गेली. हे वाचताना मला आमचाच लघुपट आठवतो. नायिकेने चहाचा कप टेबलावर ठेवून एक वाक्य बोलायचे, एवढ्या साध्या प्रसंगाचे आम्ही गेल्या वर्षी १९ टेक घेतले, कारण कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डात जागा होती आणि कोणाला थांबण्याचे कारण नव्हते. संकलनाला बसलो तेव्हा दुसराच टेक वापरावा लागला. नंतरच्या प्रत्येक टेकमध्ये तिचा हात कपाशी अधिकाधिक सराईत होत गेला होता आणि वाक्यातला जीव गेला होता.

या चित्रपटाची कथा सरळ काळाने चालत नाही, तीन वेगवेगळ्या काळांतले तुकडे एकमेकांत मिसळलेले आहेत. आपण कोणत्या काळात आहोत हे कळते ते नायकाच्या अवतारावरून. आधी वाढलेले केस आणि गबाळे कपडे, मग कापलेले केस आणि सूट, आणि मग मार खाऊन सुजलेला चेहरा. काळ दाखवण्यासाठी ना सेट बदलावे लागले, ना पडद्यावर तारखा लिहाव्या लागल्या. केस कापून घेण्याइतक्या साध्या गोष्टीतून कथेचे तीन काळ वेगळे काढणे ही काटकसर आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की दुसऱ्याच्या सांगण्यावरून स्वतःचे रूप बदलत जाणारा माणूस हाच या कथेचा गाभा आहे. रंगीत चित्रणाला लागणारा प्रकाशयोजनेचा खर्च कृष्णधवलने वाचवला, खिडकीतून येणाऱ्या उजेडावर भागवता आले, आणि हातात धरलेल्या कॅमेऱ्याची ती किंचित थरथर पाठलाग करणाऱ्याच्या नजरेचीच वाटते.

मला सर्वांत अस्वस्थ करतो तो खोक्याचा प्रसंग. परक्या घरात शिरल्यावर कॉबला पैशांची घाई नसते. तो जपून ठेवलेले एक खोके शोधून काढतो आणि त्यातल्या खासगी, बारीकसारीक वस्तू जमिनीवर ओततो. असे खोके प्रत्येकाकडे असते आणि ते कोणीतरी उघडल्यावरच आपल्याकडे काय होते याची माणसाला जाणीव होते, असे त्याचे म्हणणे. नोलनच्या स्वतःच्या घरी चोरी झाली होती आणि त्या अनुभवातून ही कल्पना सुचली, हे त्यानेच सांगितले आहे. एक खोली, दोन माणसे आणि एक खोके, एवढ्यावर उभा राहिलेला हा प्रसंग पाहून झाल्यावर मी उठून माझ्या कपाटातला खालचा खण उघडून पाहिला होता.

दोष आहेत. काही ठिकाणी अभिनय ताठर आहे, आणि ज्या स्त्रीभोवती सगळे फिरते तिला चित्रपटाने नावही दिलेले नाही, स्वतःचे मनही पुरेसे दिलेले नाही. पण या उणिवा लेखनाच्या आणि दिग्दर्शनाच्या आहेत, त्या पैशांच्या खाती टाकता येत नाहीत. कौतुक जसे निखळ करावे, तसा दोषही निखळ दाखवावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आमच्या पुढच्या लघुपटाची जुळवाजुळव आता सुरू झाली आहे. पहिले दोन महिने कॅमेरा पिशवीतून बाहेर काढायचा नाही, रोज संध्याकाळी फक्त तालीम करायची असे ठरले आहे, आणि त्या चहाच्या कपवाल्या मैत्रिणीने सर्वांत आधी होकार दिला आहे.