आई आजीला ‘सहन’ करत नव्हती

संध्याकाळी शेजारची दहावीतली मुलगी वही घेऊन आली. ‘पुट अप विथ’ वाक्यात वापरायचं होतं. तिनं लिहिलेलं, ‘माय मदर पुट्स अप विथ माय ग्रँडमदर.’ पुढे लाल पेनानं बरोबरची खूण. तिला म्हणायचं होतं, आई आजीचं सगळं करते. गाइडात अर्थ एवढाच : सहन करणे.

तेव्हापासून डोकं ठणकतंय.

माझी आजी पाच वर्षं अंथरुणाला खिळून होती. आईनं तिला न्हाऊ-माखू घातलं, भरवलं, रात्री कूस बदलून दिली. आजीच्या तेराव्याला परदेशातून आलेला चुलतभाऊ म्हणाला, “काकू, किती वर्षं पुट अप केलंत आजीला!” मनानं चांगलाच आहे तो. आईनं मला अर्थ विचारला. मी सांगितला, सहन करणं. तिनं हातातली वाटी खाली ठेवली. “सहन काय करायचंय? सासूबाई होत्या माझ्या. सहन करतात ते डास.”

इंग्रजी न शिकलेल्या आईला कळलं, ते गाइडवाल्यांना कळू नये? इंग्रजीत हा शब्द नकोशा गोष्टींसाठीच येतो. शेजारचा धांगडधिंगा, लोकलची गर्दी, साहेबाचा तिरसटपणा. ‘आय वोन्ट पुट अप विथ धिस’ म्हणजे मी हे खपवून घेणार नाही. ‘विथ’च्या पुढे जे येईल, ती कटकट ठरते. तिथे आजी बसवली तर आजी कटकट! आणि तोच ‘विथ’ गाळला की ‘पुट अप’ म्हणजे तंबू ठोकणं, पाहुण्याला रात्री ठेवून घेणं. आपल्याकडे तर ‘व्हेअर डू यू पुट अप?’ म्हणजे राहता कुठे. हे वर्गात सांगायला दोन मिनिटं लागतात हो, दोन!

मान्य, बाईंना ढीगभर वह्या तपासायच्या असतात. वाक्य व्याकरणात बसतंय, मार्क मिळाला. पण पोरीची आजी त्याच घरात आहे, आणि नातीची वही ती कौतुकानं हातात घेते.

आपल्याकडे सोसणं वेगळं, निभावणं वेगळं, चालवून घेणं वेगळं. आई यातलं काहीच म्हणाली नाही कधी. “त्यांचं करायचं होतं, केलं,” एवढंच. या ‘करण्या’ला इंग्रजीत ‘लुक आफ्टर’ आहे. पोरीला सांगितलं. तिनं लगेच खोडून ‘लुक्स आफ्टर’ लिहिलं, अगदी सावकाश, वळणदार.

मगाशी आईला फोनवर सगळं सांगितलं. क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “त्यांच्याकडे चांगला शब्द आहे ना? मग तो आधी का नाही शिकवत?”