पेशंटमागे दीड लाख: एका फॉरवर्डचा हिशेब

हा मेसेज २०२० पासून फिरतोय आणि कोरोनाचे चार रुग्ण वाढल्याची बातमी आली की सोसायटीच्या, गावाच्या, भावकीच्या ग्रुपवर पुन्हा डोकं वर काढतो. शब्द बदलतात, गाभा तोच. केंद्र सरकार महापालिका-नगरपालिकांना प्रत्येक कोरोना रुग्णामागे दीड लाख रुपये देतं; म्हणून साध्या सर्दीलाही पॉझिटिव्ह ठरवतात; कशानेही मेलेल्या माणसावर कोरोनाचा शिक्का मारतात; घरी येणाऱ्या आशाताईंना त्यात कमिशन असतं; आणि महापालिका रोज जाहीर करायची ते आकडे म्हणजे पैसे उकळायचं बिल. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने (पीआयबी) २०२० मध्येच हा दावा खोटा असल्याचं सांगितलं होतं. पण सरकारवरच संशय असलेल्याला सरकारी खुलासा कशाला पटेल? म्हणून खुलासा बाजूला ठेवू आणि मेसेज जे म्हणतो तेच धरून चालू.

आधी पैसा, कारण बाकीचा डोलारा त्यावर उभा आहे. २०२० संपलं तेव्हा देशात नोंदलेले रुग्ण एक कोटीच्या वर गेले होते. एक कोटी गुणिले दीड लाख म्हणजे दीड लाख कोटी रुपये. त्या वर्षी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाचा सगळा अर्थसंकल्प सुमारे ६७ हजार कोटींचा होता. दिल्लीचं एम्स, लसीकरण, क्षयरोग, मलेरिया, सगळं बंद करून पैसे फक्त या 'योजने'त ओतले असते तरी निम्मे पेशंट उधारीवर राहिले असते. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने कोविडसाठी जे खास पॅकेज जाहीर केलं ते अख्ख्या देशासाठी १५ हजार कोटींचं. एकट्या महाराष्ट्रात वर्षअखेर १९ लाखांवर रुग्ण होते, म्हणजे मेसेजच्या दराने आपलंच बिल २८ हजार कोटींच्या पुढे जातं. एवढी रक्कम कुठल्या तरी खात्यात जमा झाली, सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगला दिसली नाही, विरोधकांना दिसली नाही, दिसली ती फक्त मेसेज लिहिणाऱ्याला.

पैसे आलेच नाहीत असं नाही. १४ मार्च २०२० ला केंद्राने कोविडला आपत्ती मानून राज्य आपत्ती प्रतिसाद निधी वापरायला परवानगी दिली, राष्ट्रीय आरोग्य अभियानातूनही निधी आला. तो राज्याकडे आला आणि अलगीकरण, लॅब, पीपीई किट अशा कामांवर खर्च झाला. डोई दर त्यात नव्हता. उलट महापालिकेच्या बाजूने बघा. एक पॉझिटिव्ह म्हणजे ॲम्ब्युलन्स, संपर्कातल्या लोकांचा शोध, अलगीकरण केंद्रात दोन वेळचं जेवण, रोज फोन करणारा माणूस आणि वेळ पडली तर मुंबईत बीकेसी किंवा नेस्कोच्या मैदानात उभारलेल्या तात्पुरत्या जंबो कोविड केंद्रातली खाट. पेशंट वाढला की महापालिकेचा खर्च वाढत होता.

'निगेटिव्हला पॉझिटिव्ह करतात.' कोण करतं? तपासणीचा मोठा भाग खासगी लॅबमध्ये होत होता. लॅबला आरटीपीसीआर चाचणीचे पैसे रिपोर्ट काहीही आला तरी तेवढेच. आणि तो दर सरकार खाली आणत होतं: आधी ४,५०० रुपये, जून २०२० मध्ये २,२००, मार्च २०२१ अखेर ५००. लॅबला कमाई करून द्यायची असती तर सरकारने दर खाली कशाला आणले असते, याचा विचार मेसेजवाल्याने करायला हरकत नव्हती. 'एका लॅबने पॉझिटिव्ह सांगितलं, दुसरीने निगेटिव्ह' हा अनुभव मात्र अनेकांचा आहे आणि खरा आहे. स्वॅब नाकात किती आत गेला, लक्षणं सुरू होऊन किती दिवस झाले, चाचणी झटपट निकालाची अँटिजेन होती की आरटीपीसीआर, यावर निकाल बदलतो. अँटिजेन निगेटिव्ह आली आणि लक्षणं असली तर आरटीपीसीआर करा, असं आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने म्हणूनच सांगितलं होतं.

या संशयाला खतपाणी कुठून मिळालं तेही सांगायला हवं. जून २०२० मध्ये मुंबईत लॅबने रिपोर्ट थेट पेशंटला न देता आधी महापालिकेकडे द्यायचा, असा नियम आला. हेतू समजण्यासारखा होता. श्रीमंत माणूस रिपोर्ट हातात पडताच ओळखीने मोठ्या हॉस्पिटलात खाट अडवायचा, लक्षणं नसतानाही, आणि दम लागलेला माणूस बाहेर ताटकळायचा. त्याऐवजी २४ वॉर्डांच्या २४ वॉर रूम, त्यांनी लक्षणं विचारून खाट द्यायची, ही व्यवस्था पुढे मुंबईला फार कामाला आली. पण स्वतःच्या तपासणीचा कागद स्वतःला मिळू नये म्हणजे काय? पैसे मी भरले, नाक माझं, आणि निकाल दुसऱ्याकडे! लोकांनी शंका घेतली यात नवल नव्हतं. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने रिपोर्ट रुग्णाला किंवा नातेवाइकाला द्या म्हणून सांगितलं. तोवर काही लोकांच्या मनात जे बसायचं ते बसलं होतं.

तरीही आकडे फुगवले होते का, हे तपासायचा एक मार्ग आहे, आणि त्यात कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही. जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर ही संशोधन संस्था यांनी तीन वॉर्डांत ६,९३६ लोकांच्या रक्ताचे नमुने तपासले. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, इतर वस्तीत १६ टक्के. तेव्हा मुंबईत नोंदलेले रुग्ण लाखभर होते, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आसपास. आकडे फुगवले असते तर कागदावर जास्त आणि रक्तात कमी दिसायला हवे होते. झालं बरोबर उलटं. महापालिकेवर टीका करायचीच तर ती 'तुम्हाला सापडले फारच कमी' अशी करा. तिला निदान आधार आहे.

मृत्यूंचंही तेच. १६ जून २०२० ला राज्याने आधी न मोजलेले १,३२८ मृत्यू यादीत घातले, त्यातले ८६२ मुंबईचे. तेव्हा ओरड झाली ती मृत्यू लपवल्याची. गंमत म्हणजे 'लपवतात' आणि 'फुगवतात' हे दोन्ही मेसेज एकाच ग्रुपवर, कधी कधी एकाच माणसाकडून येत होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मृताच्या वारसांना ५० हजार रुपये द्यायचं ठरलं. जानेवारी २०२२ पर्यंत राज्याच्या नोंदीत सुमारे १ लाख ४१ हजार मृत्यू होते आणि मदतीसाठी अर्ज आले होते दोन लाखांहून जास्त. सगळे अर्ज पात्र नसतील, एका घरातून दोनदाही भरले गेले असतील. पण घरच्यांना कोरोनाने मेलेला वाटणारा माणूस सरकारी यादीत नाही, अशा तक्रारी जास्त होत्या; उगाच यादीत घातल्याच्या कमी.

अवयव काढून घेतात म्हणून देह गुंडाळून देतात, या मेसेजच्या पुरवणीवर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. हृदय, यकृत, मूत्रपिंड काढायचं तर त्यात रक्ताभिसरण चालू असावं लागतं, शस्त्रक्रियागृह लागतं आणि घेणारा पेशंट तयार लागतो. कोरोनाबाधिताचा अवयव तेव्हा कोणी घेतला नसता. मात्र मार्च २०२० च्या केंद्राच्या सूचनांतच नातेवाइकांना पिशवी उघडून चेहरा दाखवायची मुभा होती. अनेक ठिकाणी तेवढंही केलं गेलं नाही, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. तो रास्त आहे.

आशाताईंच्या 'कमिशन'बद्दल एवढंच: राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा जून २०२१ मध्ये मानधनासाठी संपावर गेल्या होत्या. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरणाऱ्या, काही दारांवर शिव्या खाणाऱ्या याच बायका. पेशंटमागे पैसे मिळत असते तर संप कशाला केला असता?

राहिला रोजच्या आकड्यांचा मुद्दा. इथे मेसेजवाल्याला थोडे गुण द्यावे लागतील, फक्त कारण चुकलं आहे. महापालिकेच्या ऑनलाइन डॅशबोर्डवर खाट रिकामी आणि प्रत्यक्षात नाही, हे दुसऱ्या लाटेत घरोघर अनुभवलं गेलं. मे २०२१ मध्ये तर मुंबई उच्च न्यायालयात सुनावणी चालू असताना कोर्टातूनच पुणे महापालिकेच्या हेल्पलाइनला फोन लावला गेला आणि व्हेंटिलेटरची खाट नाही असं उत्तर सगळ्यांच्या कानांवर पडलं. महापालिकेचं म्हणणं वेगळं होतं. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालय ऑक्सिजनच्या बाबतीत दिल्लीला मुंबईकडून शिकायला सांगत होतं. एप्रिलमध्ये ऑक्सिजन संपत आल्यावर मुंबईत एका रात्रीत सहा हॉस्पिटलांतून १६८ पेशंट हलवले होते, ते वॉर्डावॉर्डाची खबर हाताशी होती म्हणूनच जमलं. म्हणजे जिथे माहिती तासातासाला भरली जात होती तिथे ती उपयोगी पडली, जिथे नव्हती तिथे लोक रिक्षातून चार हॉस्पिटलं फिरले. जंबो केंद्रांच्या कंत्राटांत पैसे खाल्ल्याचे आरोप झाले, गुन्हे दाखल झाले, २०२३ मध्ये ईडीचे छापे पडले. त्याचा छडा लागायलाच हवा. पण ते कंत्राटातले पैसे, पेशंट खोटे पाडून मिळवलेले नव्हेत.

मग दीड लाख हा आकडा आला कुठून? माझा कयास असा की तो महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून उचलला असावा. त्या योजनेत तेव्हा एका कुटुंबाला वर्षाला दीड लाखांपर्यंतचं उपचारांचं संरक्षण होतं. मे २०२० मध्ये राज्याने ती पांढऱ्या शिधापत्रिकेसह सगळ्या रहिवाशांना खुली केली. साध्या कोरोनाला ती लागू नव्हती, गंभीर आजाराच्या ठरावीक उपचारांना होती, आणि पैसे विम्यातून थेट हॉस्पिटलला जायचे. महापालिकेला दीड लाख मिळत नव्हते. दीड लाखांपर्यंतचा हक्क तुमचा होता.

तो किती जणांनी वापरला? त्याच महिन्यात २१ मे च्या अधिसूचनेने खासगी हॉस्पिटलांच्या ८० टक्के खाटांना दर ठरवून दिले होते: साध्या वॉर्डात दिवसाला ४,०००, आयसीयूत ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. पीपीई किट त्याबाहेर. म्हणून एकाच किटमध्ये सगळ्या वॉर्डात फिरलेल्या नर्सचं किट प्रत्येक खाटेच्या बिलात पूर्ण किमतीला लागल्याच्या तक्रारी आल्या, आणि बिलं तपासायला लेखापरीक्षक बसवावे लागले. लोकांनी दागिने गहाण टाकून ती बिलं भरली आणि रात्री ग्रुपवर महापालिकेच्या दीड लाखांचा मेसेज पुढे पाठवला.

योजनेची मर्यादा आता पाच लाख आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात दाखल होताना डिपॉझिटच्या खिडकीआधी आरोग्यमित्राचं (योजनेच्या मदतनीसाचं) टेबल शोधा, शिधापत्रिका आणि आधार बरोबर ठेवा. टेबलावर कोणी नसेल तर १५५३८८ ला फोन करा.