एन-१ निकष आणि ‘कागदी गणित’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

वीजयंत्रणेच्या विश्वासार्हतेवरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि स्पष्ट शब्दांत विरोध नोंदवलात, याबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा: कोणताही एक घटक निकामी झाला तरी पुरवठा चालू राहिला पाहिजे, हा एन-१ निकष आणि त्यासोबतची संभाव्यतेची सारी आकडेमोड हाताशी असूनही मोठे ब्लॅकआउट झालेच, संशोधक आपल्या पद्धती चोवीस बसच्या (बस म्हणजे लाईन जिथे एकत्र येतात तो जोडबिंदू) ‘भातुकलीच्या जाळ्यावर’ तपासतात, म्हणून हे सगळे कागदी गणित आहे, आणि खरी यंत्रणा नियंत्रण कक्षातील माणसांच्या अनुभवावर चालते. यातला शेवटचा भाग मला बराचसा मान्य आहे, पहिला मात्र नाही.

आपण १४ ऑगस्ट २००३ चे उदाहरण दिलेत. त्या दिवशी उत्तर अमेरिकेत सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. अमेरिका व कॅनडा यांच्या संयुक्त चौकशीचा अंतिम अहवाल एप्रिल २००४ मध्ये आला. त्यानुसार दुपारी ३ वाजून ५ मिनिटांपर्यंत ओहायोतील जाळे सुरक्षित मर्यादेत होते. त्या मिनिटाला चेंबरलिन–हार्डिंग ही ३४५ केव्हीची (किलोव्होल्टची) लाईन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप तुटून बंद पडली, आणि तीही क्षमतेच्या जेमतेम ४४ टक्के भार वाहत असताना, कारण तिच्याखालची झाडे वाढलेली होती. (क्षमतेच्या निम्माही भार नसलेली लाईन झाडाला टेकेल, हे कोणत्या लाईनवरून किती वीज वाहील ते काढणाऱ्या भारप्रवाहाच्या कोणत्याही गणितात दिसत नाही. इथे आपला मुद्दा बिनतोड आहे.) परंतु निकषाचा दुसरा अर्धा भाग इथूनच सुरू होतो: पहिला घटक गेल्यावर, त्या वेळच्या नियमानुसार, ३० मिनिटांच्या आत यंत्रणा पुन्हा अशा स्थितीत आणायची की आणखी एखादा घटक गेला तरी ती तग धरेल. ते घडले नाही, कारण तेथील नियंत्रण कक्षातील अलार्मची संगणकप्रणाली २ वाजून १४ मिनिटांच्या सुमारास बंद पडली होती आणि ती बंद आहे हेच बसलेल्यांना ठाऊक नव्हते. पुढे ३ वाजून ३२ मिनिटांनी आणि ३ वाजून ४१ मिनिटांनी आणखी दोन लाईन गेल्या. निकष पाळूनही ब्लॅकआउट झाला, असे या प्रसंगावरून म्हणता येत नाही. निकष तासभर मोडलेला होता आणि त्याची कोणालाच खबर नव्हती.

शेवटचा धक्का अधिक बोलका आहे. ४ वाजून ५ मिनिटे ५७ सेकंदांनी सॅमिस–स्टार लाईन ट्रिप झाली, तेव्हा तिच्यावर शॉर्टसर्किट नव्हते आणि झाडाचाही स्पर्श नव्हता. डिस्टन्स रिले हे लाईनचे संरक्षण करणारे उपकरण लाईनच्या टोकाशी व्होल्टेज आणि करंट मोजतो व त्यांच्या गुणोत्तरावरून दोष किती अंतरावर आहे ते ठरवतो. व्होल्टेज खचलेले आणि करंट वाढलेला, अशा स्थितीत निव्वळ भारच त्याला लांबवरच्या दोषासारखा दिसतो, आणि त्याचा तिसरा झोन, म्हणजे सर्वांत लांबवर पाहणारा टप्पा, लाईन तोडतो. ३० जुलै २०१२ रोजी भारतातल्या ब्लॅकआउटमध्ये बीना–ग्वाल्हेर या ४०० केव्हीच्या लाईनवर हेच घडले. संशोधन नेहमी घटनेच्या मागून येते, असे आपण लिहिता. पण संरक्षण व्यवस्थेत दडून राहणारे आणि जाळे ताणाखाली आले की नेमके तेव्हाच उघडे पडणारे दोष अरुण फडके, जेम्स थॉर्प या वीजयंत्रणेच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकातच मांडले होते. ते वेळेवर अमलात आले नाही, ही तक्रार रास्त आहे. ती संशोधकांविरुद्ध मात्र नाही.

आता भातुकलीकडे वळू. ते चोवीस बसचे जाळे, म्हणजे आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचे १९७९ चे विश्वासार्हता चाचणी जाळे, मुद्दाम लहान ठेवलेले आहे, म्हणजे दोन पद्धतींची उत्तरे ताडून पाहता येतात. कोणत्याही प्रदेशाचे भाकीत करण्यासाठी ते बनवलेले नाही. त्यात वीजनिर्मितीचे ३२ संच आहेत, एकूण क्षमता ३,४०५ मेगावॅट आणि कमाल मागणी २,८५० मेगावॅट. सर्वांत मोठे दोन संच ४०० मेगावॅटचे, प्रत्येक अचानक बंद असण्याची संभाव्यता ०.१२. दोन्ही एकदम गेले तर उरतात २,६०५ मेगावॅट, म्हणजे कमाल मागणीच्या वेळी तूट ठरलेली. दोन्ही संच परस्परांपासून स्वतंत्र मानले, तर असे होण्याची संभाव्यता ०.०१४४ येते. आता समजा, त्यांच्या बंद राहण्यातला केवळ दहावा हिस्सा एखाद्या समाईक कारणामुळे आहे. प्रत्येक संचाची स्वतःची संभाव्यता तीच ०.१२ राहते, परंतु दोन्ही मिळून जाण्याची जवळजवळ ०.०२४ होते, म्हणजे दीडपटीहून अधिक. संचांच्या स्वतंत्र नोंदवह्या कितीही काटेकोर असल्या तरी हा फरक त्यांत सापडत नाही. माझ्या मते खरा कच्चा दुवा हाच आहे: स्वातंत्र्याचे गृहीतक सोयीचे म्हणून स्वीकारले जाते आणि मग त्यावर तीन दशांश स्थळांपर्यंतची उत्तरे काढली जातात.

मग सरळ एन-२, म्हणजे कोणतेही दोन घटक एकदम गेले तरी पुरवठा चालू राहावा असा निकष, का नको, हा आपला शेवटचा प्रश्न. त्या लहान जाळ्यात ३८ शाखा (लाईन आणि ट्रान्सफॉर्मर) आहेत, तेथे जोड्या होतात ७०३. दहा हजार शाखांच्या जाळ्यात त्या सुमारे ५ कोटी होतात, आणि त्या सर्व तपासता आल्या तरी प्रत्येकीसाठी राखीव लाईन बांधण्याचा खर्च कोणीही मंजूर करणार नाही. म्हणून निवड करावी लागते: एकाच मनोऱ्यावरील दोन सर्किट, एकाच बसबारवर (उपकेंद्रातील समाईक जोडपट्टीवर) आलेले दोन फीडर म्हणजे वाहिन्या, एकाच बॅटरीवर चालणारे दोन्ही रिले, एकाच चुकीच्या सेटिंगची दोन उपकेंद्रे. ही यादी जाळ्याच्या एकरेषीय आकृतीवरून (जिच्यात प्रत्येक लाईन एकाच रेषेने दाखवतात) पूर्ण होत नाही, कारण बॅटरी आणि सेटिंग तीत दाखवलेलीच नसतात. आपण प्रतिक्रियेत ज्या अनुभवाचा दाखला देता, त्यातील अशा एकत्र पडलेल्या जोड्यांच्या नोंदी, तारीख आणि कारणासह, नियोजन विभागापर्यंत पोहोचतात का, हे आपल्याकडून जाणून घ्यायला मला आवडेल.