एवढ्या गोळ्या कशाला? – सेलूहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. सिरॉसिसच्या, म्हणजे लिव्हर आकसून कडक झालेल्या पेशंटनं गोळ्या मनानं सोडू नयेत, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "लिव्हर आधीच सडलेलं, त्यावर सात-सात गोळ्यांचा मारा. आणि हे सांगतोय कोण, तर मेडिकलवाला! आमच्या मामांनी निम्म्या बंद केल्या, वरण सोडलं, तरी महिनाभर ठणठणीत आहेत."

परभणीत माझं मेडिकल आहे, गोळ्या विकूनच घर चालतं. टोमणा मान्य. पण निम्म्या म्हणजे कुठल्या? माझ्या काउंटरवर बहुतेकदा पहिली सुटते ती लॅक्टुलोजची बाटली. "त्यानं संडासला लागतं हो." अहो, त्यासाठीच तर ती आहे! दिवसातून दोन-तीनदा पोट मऊ साफ झालं की आतड्यातला अमोनिया, म्हणजे खराब लिव्हरला न झेपणारा विषारी पदार्थ, बाहेर पडतो. साठला तर डोक्यावर परिणाम होतो. माणूस रात्री टक्क जागा, दिवसा पेंगलेला, बोलणं भलतंच. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं.

विषाणूची गोळी वेगळी. हिपॅटायटिस बी असेल तर टेनोफोविर किंवा एन्टेकॅविर, सिरॉसिसमध्ये बहुधा जन्मभर. मनानं सोडली की दबलेला विषाणू उसळतो. सी असेल तर सोफोसबुविर-वेल्पाटासविर, पोटात पाणी झालेलं असेल तर बहुधा जोडीला रिबाव्हिरिन, साधारण १२ आठवडे. पण विषाणू गेला म्हणून पोटातलं पाणी आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा लगेच जात नाहीत. पाण्यासाठी स्पायरोनोलॅक्टोन-फ्युरोसेमाइड, शिरांसाठी कार्व्हेडिलॉल किंवा दुर्बिणीतून बँडिंग, म्हणजे शिरेला रबरी कडं बसवणं. एकाचं काम दुसरी करत नाही.

तुमचं एक मात्र खरं, आणि ते मी लेखात लिहायला हवं होतं. गोळ्या कमी होतात. बीपी फार उतरलं तर कार्व्हेडिलॉल, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) वाढलं तर पाण्याच्या गोळ्या डॉक्टर स्वतः थांबवतात. घरच्या घरी बंद करायचंच असेल तर गुडघेदुखीसाठी घेतलेली डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी आणि कावीळ उतरवणाऱ्याची पुडी बंद करा.

वरण सोडवलंत ते चुकलं. ६० किलोच्या पेशंटला दिवसाला ७० ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतात, नाहीतर अंगावरचं मांस झडतं. झोपताना थोडं खायला द्या. हात आखडायचा तो ठेचा, लोणचं, पापडाच्या मिठावर.

आणि धंद्याचं म्हणाल तर बी-सीच्या गोळ्या माझ्याकडून घेऊच नका. २८ जुलै २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या सरकारी उपचार केंद्रांवर मोफत मिळतात.

मामांना रात्री झोप लागते का, तेवढं आजच कळवा.