दांडी कुठल्या हाताला?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. वेळ नसेल तर खुशाल पुढे सरका.

बाबा ज्या पुनर्वसन केंद्रात व्यायामाला जातात, तिथल्या नूतनीकरणासाठी आज 'लाभार्थी सहभाग बैठक' होती. अर्धा दिवस रजा टाकून गेले. चाळीस मिनिटं पडद्यावर रंगीत चित्रं. नवा स्वागतकक्ष, नव्या खुर्च्या, भिंतींच्या रंगाच्या तीन छटा. शेवटची दहा मिनिटं आमच्या 'सूचनां'साठी. मी विचारलं, आराखड्यात अजून बदल होऊ शकतो का? "नाही, तो मंजूर झालाय. पण तुमच्या भावना आम्ही नक्की नोंदवून घेऊ."

भावना! अहो, मी दांडीबद्दल बोलायला आले होते.

जवळच्यांना ही दांडी माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगते. तीन वर्षांपूर्वी बाबांना स्ट्रोक आला आणि डावी बाजू गेली. त्याच सुमारास केंद्रातल्या व्हीलचेअरवाल्यांच्या स्वच्छतागृहात आधाराची दांडी बसवायचं काम चाललं होतं. आम्ही बाहेर बाकावर. फिटर ड्रिल हातात घेऊन बाबांकडे जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "काका, उठताना तुमचा कुठला हात चालतो?" बाबांनी उजवा वर केला. त्याने भिंतीकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं. "मग ही डावीकडे काय कामाची?" स्वतः आत जाऊन झाकणावर बसला, डावा हात पाठीमागे दाबून धरला आणि उठून बघितलं. दोनदा. मग वर विचारायला गेला. दहा मिनिटांनी खाली आला आणि दांडी डावीकडेच ठोकली. "कागदावर तशीच आहे, काका."

तीन वर्षं झाली. आजही बाबांबरोबर आत कुणीतरी जावं लागतं. आयुष्यभर कुणाला पाण्याचा ग्लास न मागितलेला माणूस तो. पुढचं लिहीत नाही.

हो, उजवी बाजू गेलेल्याला डावीकडचीच दांडी लागते, कळतं मला. मग दोन्हीकडे लावा ना! त्या दिवशी बाकावर सहाजण बसले होते. त्यांना विचारलं असतं तरी पाच मिनिटांत उत्तर मिळालं असतं.

आणि तो 'लाभार्थी' शब्द. डोक्यात जातो. लाभ म्हणजे कुणीतरी वरून टाकलेलं, आपण ओंजळ धरून झेललेलं. आता हिशोब बघा. फिजिओ बाबांना आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास बघतात. उरलेले सगळे दिवस चेंडू दाबणं, बोटं उघडणं, भिंत धरून चालणं बाबा करतात, आणि अधूनमधून मी त्यांच्याशी भांडून करून घेते. त्यांचा हात आज खांद्यापर्यंत जातो, ती सेवा कुणी तयार केली? एकट्या केंद्राने? एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी 1970 च्या दशकात पोलिसांच्या कामाचा अभ्यास करताना हेच मांडलं. रस्ता सुरक्षित राहतो तो पोलीस आणि तिथे राहणारे लोक या दोघांच्या कामातून. ही सेवा कारखान्यात बनवून घरपोच करता येत नाही. 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारी ती पहिली स्त्री, हे जाता जाता.

तर निम्मं काम करणारा माणूस आराखड्याच्या वेळी 'लाभार्थी' होतो आणि त्याच्या फक्त भावना उरतात.

शेरी आर्नस्टीन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1969 मध्येच लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. खालच्या दोन पायऱ्यांवर सहभागाचं नुसतं सोंग असतं. मधल्या तीन पायऱ्यांवर तुम्हाला माहिती देतात, मत विचारतात, गोंजारतात, पण निर्णय त्यांच्याच खिशात राहतो. खरी भागीदारी सहाव्या पायरीपासून सुरू होते. आज आम्ही मधेच कुठेतरी लटकत होतो आणि खालून कुणीतरी आमचा फोटो काढत होतं. हो, ग्रुप फोटोही झाला. हसा म्हणाले.

लोकांना विचारत बसलं तर कामं रखडतात हे ऐकून झालंय. थोडं खरंही आहे. आज एक गृहस्थ वीस मिनिटं पार्किंगवरच बोलले असते, कुणी थांबवलं नसतं तर. भार पेलणारी भिंत कुठली हे इंजिनिअरलाच कळतं, तिथे माझं मत कुणी विचारू नये. आणि 'सहभागा'च्या नावाखाली कर्मचारी कमी करून सगळं घरच्यांच्या गळ्यात मारणारेही असतात. मान्य. म्हणून दांडी डावीकडे ठोकायची?

तिकडे अपंगांच्या चळवळी कधीच्या सांगताहेत, आमच्याबद्दलचं काहीही आमच्याशिवाय नको. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारातही लिहिलंय की त्यांच्याविषयीचे निर्णय घेताना त्यांना सक्रिय सामील करून घ्या. कागदावर सगळं आहे हो. आमच्या फिटरकडेही कागदच होता.

इथवर लिहिलं आणि उठून पाणी प्यायले. राग जरा उतरलाय. आता एक गोष्ट कबूल करते, हसू नका.

बाबा घरी आले तेव्हा त्यांची खोली मी लावली. पडू नयेत म्हणून पलंगाची उजवी कड भिंतीला टेकवली. स्वतःवर खूश होते मी. म्हणजे चालणारा हात आणि पाय भिंतीकडे, आणि उतरायचं ते गेलेल्या बाजूने. चार महिने ते रोज सकाळी मला हाक मारत राहिले आणि मी 'आलेच' म्हणत धावत राहिले. एकदा आत्या आली, बघितलं आणि म्हणाली, "अगं, पलंग फिरव." फिरवला. दुसऱ्या दिवशी उठून बघते तर बाबा खिडकीशी उभे. मी चिडले, एवढे दिवस बोलला का नाहीत? तर म्हणे, "तू एवढ्या हौसेने लावलेलंस. आणि विचारलंस कुठे?"

एडगर कान नावाचा वकील 1980 मध्ये हृदयविकाराने अंथरुणाला खिळला. आता आपला कुणाला उपयोग नाही, हेच त्याला जास्त लागलं. त्यातून त्याने टाइम बँक काढली. तासाला तास. म्हणजे तुम्ही कुणाला तासभर मदत केली की तुमच्या नावावर एक तास जमा, आणि गरज पडली की तेवढीच मदत तुम्हाला. काम कुठलंही असो, एका तासाची किंमत सारखीच. बाबांना हे वाचून दाखवलं तेव्हा काही बोलले नाहीत. पण पुढच्या आठवड्यात केंद्रातल्या बाकावर एक नवे पेशंट तोंड फिरवून बसले होते, तर बाबा सरकत त्यांच्या शेजारी गेले आणि एका हाताने शर्टाची बटणं कशी लावायची ते दाखवायला लागले. अर्धा तास. त्या अर्ध्या तासाची नोंद केंद्राच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही.

बैठक संपल्यावर सादरीकरण करणारी मुलगी जिन्यात भेटली. पंचविशीची असेल. हळूच म्हणाली, "ताई, मलाही आराखडा परवाच मिळाला." तिच्यावर काय चिडणार? तिलाही कुणी विचारलं नव्हतं. तिच्या वहीत मी दांडीचं चित्र काढून दिलं, दोन्ही बाजूंनी. उजवीकडे भिंत नाही, म्हणून तिथली जमिनीतून वर येणारी. तिने पान दुमडून ठेवलं.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. रंगांच्या तीन छटा, फोटो, सगळं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तो फिटर आला होता का गं?"

नाही बाबा. त्याला बोलावलंच नव्हतं.